जुना गेम चालत नाही म्हणून अँटिव्हायरस बंद करताय? थांबा, आधी हे करून बघा

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ दुकानात लॅपटॉप घेऊन आले. तक्रार अशी की त्यांच्या मेलवरून ओळखीच्या लोकांना आपोआप लिंका जात होत्या. लॅपटॉप उघडून पाहिलं तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद, गाभ्याची राखण करणारी मेमरी इंटिग्रिटी बंद, मोठा बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या यूएसीची पट्टी पार तळाला ओढलेली आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये रोड रॅशच्या तीन वेगवेगळ्या झिप. सुट्टीत मुलीला आपल्या लहानपणीचा गेम दाखवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं तसं ते एकेक कुलूप काढत गेले. गेम चालला नाहीच, पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले. फॉरमॅट मारून, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून त्यांची गाडी रुळावर यायला दोन दिवस लागले.

दिवाळी आणि मे महिना आला की अशी दोन-चार प्रकरणं ठरलेली. माळ्यावरचा सीडीचा पाउच खाली उतरतो, कुणाला प्रिन्स हवा असतो, कुणाला एज ऑफ एम्पायर्स, कुणाला व्हाइस सिटी. अडचणी त्याच त्या असतात आणि बाहेर मिळणारा सल्लाही तोच: अँटिव्हायरस बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, ड्रायव्हरची तपासणी बंद करा. इतक्या वर्षांत मला एकही जुना गेम असा भेटलेला नाही, जो चालवायला विंडोजचं संरक्षण उतरवणं हाच एकमेव मार्ग होता. दर वेळी दुसरी वाट निघाली, आणि बहुतेक वेळा ती जास्त सोपी होती. त्या वाटा इथे लिहून ठेवतोय.

आधी गेम कोणत्या काळातला आहे ते ओळखा. डॉसचा (म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या काळातला), विंडोज ९५-९८ च्या जमान्यातला की एक्सपीचा? उपाय त्यावर ठरतो. डॉसच्या गेमवर एक्सपीचा उपाय करण्यात लोकांची अख्खी दुपार जाते.

"हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही"

डबल क्लिक केलं की निळी पाटी येते आणि विषय संपतो. प्रिन्स ऑफ पर्शिया (डॉसवर तो १९९० साली आला), जॉन रोमेरोचा डेंजरस डेव्ह आणि शाळेच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून आपण जे जे खेळलो ते बहुतेक सगळं याच गटात मोडतं. हे प्रोग्रॅम १६ बिटचे, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या पद्धतीने लिहिलेले आहेत. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ते चालवणारा एक वेगळा भाग असायचा, ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणून कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये "विंडोज ९५" निवडून काहीही होत नाही. तो टॅब गेमला थोडंफार जुनं वातावरण भासवतो, पण १६ बिटचा कोड चालवणारं यंत्रच तिथे नसेल तर भासवून काय उपयोग? रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरचंही तेच, त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

इथे डॉसबॉक्स वापरायचं. तो जुन्या पीसीची हुबेहूब नक्कल करतो: प्रोसेसर, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड, चित्राचं व्हीजीए, सगळं. २००२ पासून तो फुकट उपलब्ध आहे. मूळ डॉसबॉक्स चालेल, पण नव्याने सुरुवात करत असाल तर मी डॉसबॉक्स स्टेजिंग घ्यायला सांगेन, कारण त्यावर अजून नियमित काम चालू आहे.

आता यातली जपायची गोष्ट. डॉसबॉक्सला तुमच्या डिस्कवरचा एक फोल्डर दाखवावा लागतो, त्याला माउंट करणं म्हणतात. घाईत बरेच जण अख्खा सी ड्राइव्हच माउंट करतात. तसं केलं की डॉसबॉक्स स्वतःच इशारा देतो की हे करू नका, पुढच्या वेळी एखादा फोल्डर द्या. तो इशारा मनावर घ्या. डॉसबॉक्सच्या आत चालणारा गेम माउंट केलेल्या जागेत खरोखर फाइली लिहू शकतो आणि पुसूही शकतो. जुन्या फ्लॉपीवरून आलेल्या गेममध्ये त्या काळचा डॉस व्हायरस असला, तर त्याच्या तावडीत एक लहानसा फोल्डर सापडावा, तुमचे लग्नाचे फोटो नव्हेत. सी ड्राइव्हवर "जुनेगेम्स" अशा अर्थाचा एक फोल्डर करा, नाव इंग्रजी आठ अक्षरांच्या आत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका आणि तेवढाच माउंट करा.

गेम फार पळतोय किंवा रखडतोय असं वाटलं तर कंट्रोल आणि एफ ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ १२ ने वाढतो. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. ते माहीत नसल्यामुळे "बटणंच चालत नाहीत" अशी तक्रार घेऊन कितीतरी लोक येतात. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० दाबा. प्रिन्सला ठरलेला वेग पुरतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

वेगाचं हे भानगडीचं प्रकरण आहे तरी काय? त्या काळच्या काही गेम्समध्ये वेळ मोजायला घड्याळ नसायचं, प्रोसेसर किती फेऱ्या मारतो त्यावर गेमची चाल ठरायची. १९९० चा विंग कमांडर हे त्याचं ठळक उदाहरण. जुन्या ३८६-४८६ च्या डब्यावर टर्बोचं बटण असायचं ते यासाठीच, ते काढलं की मशीन मुद्दाम हळू व्हायचं. त्याच घराण्यातली दुसरी तक्रार म्हणजे "रनटाइम एरर २००". टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताना सुमारे ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजतात आणि त्या आकड्याला भागतात. प्रोसेसर वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच गचकतो. फाइल खराब झालेली नसते, सीडीही खराब नसते. डॉसबॉक्सचा वेग उतरवा, चालेल.

प्रिन्ससाठी आणखी एक वाट आहे आणि ती मला मनापासून आवडते. प्रिन्सचा कर्ता जॉर्डन मेकनर याने ॲपल २ या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलेला मूळ सोर्स कोड हरवला होता. वर्षानुवर्षांनी त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात त्या फ्लॉप्या सापडल्या आणि २०१२ साली त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यापलीकडे, गेमवेड्या लोकांनी डॉसची आवृत्ती उलगडून एसडीएलपॉप नावाने ती नव्या मशीनसाठी लिहून काढली आहे. ती विंडोज ११ वर थेट चालते, डॉसबॉक्सचीही गरज पडत नाही. साहसकथांच्या जुन्या गेम्सना स्कमव्हीएम आहे, ट्रान्सपोर्ट टायकूनला ओपनटीटीडी आहे. तुमच्या गेमचं असं नवं इंजिन निघालंय का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

गेम ३२ बिटचा, पण सेटअप उघडत नाही

९५ ते २००० च्या सुमारास आलेल्या सीडींवर हा घोळ दिसतो. गेम नव्या विंडोजवर चालू शकेल असा असतो, पण त्याचा सेटअप मात्र १६ बिटचा. काही ओळखीच्या जुन्या सेटअपना ६४ बिटचं विंडोज आपणहून ३२ बिटचं इंजिन लावून देतं, म्हणून काही सीड्या चमत्कार झाल्यासारख्या सुटतात. बाकीच्यांसाठी ओटीव्हीडीएम नावाची छोटी सोय आहे. कुठलाही ड्रायव्हर न घालता ती १६ बिटचे विंडोज प्रोग्रॅम चालवते. पुष्कळदा तर सीडीवरचा फोल्डर जसाच्या तसा उचलून डिस्कवर ठेवला तरी गेम सुरू होतो.

ठेवताना प्रोग्रॅम फाइल्समध्ये मात्र ठेवू नका. हे एवढं एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी उरत नाहीत. जुने गेम सेव्ह आणि सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि व्हिस्टापासून विंडोज तिथे साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही. मग "सेव्ह होत नाही" म्हणून लोक गेमला ॲडमिनिस्ट्रेटर करतात, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती अख्ख्या घराच्या किल्ल्या जातात. गेम सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवला की ॲडमिनिस्ट्रेटरची गरजच उरत नाही. आधी केलेले सेव्ह गायब झाले असतील तर तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेने जाऊन बघा. विंडोज ते गुपचूप तिथे नेऊन ठेवतं. एका ताईंचं एज ऑफ एम्पायर्सचं सगळं खातं मला तिथे सापडलं होतं.

"सीडी टाका" म्हणतो, सीडी तर आतच आहे

लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान याच अडचणीपायी होतं.

सीडीतल्या फाइली उघडून बघा. आयसीडी असं शेपूट असलेली फाइल दिसतेय? सोबत सेकड्रिव्ह.सिस, क्लोकस्पीएल.ईएक्सई अशी नावं आहेत? मग ती सेफडिस्क आहे, नकला होऊ नयेत म्हणून घातलेलं कुलूप. खरा गेम त्या आयसीडी फाइलमध्ये कुलूपबंद असतो आणि ते उघडायला सेकड्रिव्ह हा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे थेट विंडोजच्या गाभ्यात चालणारा कोड. एक्सपीमध्ये हा ड्रायव्हर विंडोजसोबतच यायचा. २००७ साली त्यात अशी फट सापडली की साधा प्रोग्रॅम त्यातून शिरून मशीनचा पूर्ण ताबा घेऊ शकेल. विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो चालू द्यायचाच नाही असं ठरवलं आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. म्हणून तुमची अस्सल, पैसे मोजून घेतलेली सीडी आज चालत नाही. याचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण बंद केलं ते योग्यच केलं.

आता व्हिडिओवाले सांगतात: टेस्ट मोड चालू करा, ड्रायव्हरची सही तपासणं बंद करा, सेकड्रिव्ह कुठून तरी आणून घाला. हे अजिबात करू नका. एका गेमसाठी तुम्ही असा दरवाजा उघडताय, ज्यातून पुढे कुठलाही ड्रायव्हर न विचारता आत येईल, आणि गेम खेळून झाल्यावर तो दरवाजा बंद करायची आठवण कुणालाही राहत नाही.

नो-सीडी क्रॅकचंही (सीडीशिवाय गेम चालावा म्हणून कुणीतरी बदललेली फाइल) तसंच. "अँटिव्हायरस उगाच ओरडतो, क्रॅक असल्यामुळे" हे वाक्य काही वेळा खरं असतं आणि चोर नेमका त्याचाच आडोसा घेतो. बाहेरून दोन्ही फाइली सारख्याच दिसतात. माझ्याकडे आलेल्या त्या लॅपटॉपवर रोड रॅशच्या एका झिपमधली सेटअप फाइल जेमतेम ३ एमबीची होती. इतक्या लहान फाइलीत अख्खा गेम, त्याचे व्हिडिओ आणि गाणी मावणार नाहीत, एवढं जरी थांबून पाहिलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

मग करायचं काय? जीओजी नावाचं दुकान २००८ पासून जुने गेम कुलूप काढून, नव्या विंडोजवर चालतील असे करून विकतं. सेल लागला की वडापावच्या चार प्लेटच्या पैशात चांगला गेम मिळतो. तिथे असेल तर विकत घ्या आणि सुटा. एज ऑफ एम्पायर्सच्या दोन्ही भागांच्या नव्याने केलेल्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टने २०१८ आणि २०१९ मध्ये आणल्या. गेम कुठेच विकत मिळत नसेल आणि मूळ सीडी तुमच्याकडे असेल तर सेफडिस्कशिम आहे. ते त्या ड्रायव्हरची भूमिका गाभ्याच्या बाहेर राहून वठवतं, त्यामुळे सेकड्रिव्ह लागत नाही. सगळ्या गेम्सना ते लागू पडत नाही, पण लागू पडलं तर उत्तम.

आणि घरात एक्सपीचा जुना डबा पडून असेल तर भंगारात देऊ नका! एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, त्यामुळे तो इंटरनेटला जोडायचा नाही, नेटची वायर काढूनच ठेवायची. ब्लोअरने धूळ काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल नवा घाला, म्हणजे तारीख-वेळ टिकेल. वरचे गोल कपॅसिटर फुगलेत का ते बघून मगच वीज द्या. सेफडिस्क, रंग, अशा कटकटी त्यावर एकदमच संपतात.

रंग विचित्र, गवत जांभळं

एज ऑफ एम्पायर्सचा हा जुना रोग. त्या काळचे गेम २५६ रंगांच्या तबकडीतून रंग उचलायचे. ती तबकडी अख्ख्या स्क्रीनला एकच, त्यामुळे डेस्कटॉपने मध्येच आपले रंग घुसवले की गेमचे बिघडायचे. पूर्वी लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर मारून गेम चालवायचे. आता सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू २ घ्या आणि त्यातली डीएलएल फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवा. ती जुन्या ग्राफिक्सच्या आज्ञा नव्या कार्डाला कळतील अशा करून देते. ही फाइल विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये कधीही टाकू नका. गेमच्या फोल्डरमध्ये असली तर परिणाम तेवढ्याच गेमवर होतो आणि नको झाली की डिलीट केली, संपलं. थ्रीडीएफएक्सच्या जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी केलेले गेमही डीजीव्हूडूवर चालतात.

गेम सुरू करताना विंडोज डायरेक्टप्ले मागत असेल तर त्याला हो म्हणा. तो विंडोजचाच भाग आहे.

विंडोज अपडेट झालं आणि गेम बिघडला

सॅन अँड्रियासचा किस्सा सांगण्यासारखा आहे. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर त्या गेममधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान दिसेनासं झालं. ओरड झाली ती विंडोजच्या नावाने. या गेममधले दोष दुरुस्त करणारा सायलेंटपॅच बनवणाऱ्या माणसाने मुळापर्यंत जाऊन शोधलं तेव्हा दोष २००४ सालच्या गेममध्येच निघाला. वाहनांची माहिती ज्या फाइलमधून वाचली जाते, तिथे स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडेच नव्हते. कारण व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोटींमध्ये होती आणि बोटीला चाकं कशाला? गेम ते रिकामे आकडे तपासायचा नाही, मेमरीत आधीच्या वाहनाचं जे उरलंसुरलं असेल तेच उचलायचा. जवळपास वीस वर्षं तिथे योगायोगाने चालण्याजोगे आकडे पडून होते. नव्या विंडोजने ती मेमरी स्वतःच्या कामाला वापरली आणि योगायोग संपला.

मुद्दा असा की अशा वेळी लोक अपडेटच बंद करून टाकतात. एका विमानासाठी अख्ख्या मशीनची सुरक्षा थांबवतात. सायलेंटपॅच घाला, तो व्हाइस सिटीलाही आहे आणि गेमच्या फोल्डरमध्येच बसतो. घेताना मूळ लेखकाच्या पानावरूनच घ्या, "ऑल इन वन मॉड पॅक" मधून नको.

सायलेंटपॅच घातला तरी फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा, चालू ठेवा. तो काढला की सॅन अँड्रियासमध्ये नायकाला, सीजेला, पाण्यात धड पोहता येत नाही, कारण गेमची काही गणितं फ्रेमवर बांधलेली आहेत. दुसरं कारण तुमच्या मशीनचं. जुना गेम आजच्या कार्डावर, विशेषतः नुसत्या मेनूमध्ये, सेकंदाला हजारो फ्रेम काढू शकतो. त्यात दिसायला काहीच वेगळं नसतं, पण पंखा बोंबलतो, कार्ड बारीक शिटी मारल्यासारखं वाजतं आणि मे महिन्याच्या उकाड्यात लॅपटॉपची खालची बाजू मांडीवर ठेववत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये त्या गेमपुरती ६० फ्रेमची मर्यादा घाला.

सीडी हाताळताना

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी सीडी उजेडात धरून मधल्या भोकाभोवती नीट बघा. तिथून बाहेर जाणारी केसाएवढी जरी भेग दिसली तरी वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका. सीडी आत फुटते आणि तुकडे ड्राइव्हलाही घेऊन जातात. चांगली असेल तर एकदाच, हळू वेगाने वाचून तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची डिस्कवरची प्रत, करून ठेवा आणि पुढे इमेजवरूनच खेळा. इमेज बिन आणि क्यू या जोडीत करा, आयएसओमध्ये नको. १९९६ च्या क्वेकसारख्या गेम्समध्ये संगीत गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असतं, आयएसओमध्ये ते येत नाही आणि मग गेम मुका होतो.

इमेज झाली की डिफेंडरने तपासा. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या नकली सीड्यांमधून सीआयएच नावाचा व्हायरस बराच पसरला होता. २६ एप्रिल १९९९ ला त्याने असंख्य मशीनच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि कित्येकांचं बायोसही (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) घालवलं. आजच्या विंडोजवर त्याचं काही चालत नाही. पण तुम्ही ८६बॉक्समध्ये (अख्खा जुना पीसी आभासी उभा करणारा प्रोग्रॅम) विंडोज ९८ घालून खेळणार असाल तर तिथे तो जिवंत होऊ शकतो, म्हणून त्या आभासी मशीनला नेटवर्क कार्ड देऊ नका आणि तुमचा खरा फोल्डर त्याला जोडू नका. तेवढं पाळलं तर वाईटात वाईट काय होईल? आभासी डिस्कची एक फाइल खराब होईल. तिची एक कोरी प्रत आधीच बाजूला ठेवा.

त्या गृहस्थांचा रोड रॅश शेवटी माझ्याकडच्या एका जुन्या एक्सपीवर लागला, तोही त्यांच्याच मूळ सीडीवरून, आणि तो डबा ते घेऊन गेले. लॅपटॉपवर मी फक्त प्रिन्स घालून दिला. मुलगी दुकानातच खेळायला बसली आणि पहिल्याच खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडली. तिला दोन गोष्टी लिहून दिल्या. स्पेस दाबलं की ६० मिनिटांतली किती उरली ते दिसतं, आणि तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह होतो. सेव्ह फाइल त्या एका फोल्डरमध्येच राहते, म्हणून तो फोल्डर दर रविवारी पेन ड्राइव्हवर उतरवायचं काम तिच्या बाबांकडे दिलंय.